सुटलेला टाका

“हातच नसेल तर शिकवायचं कसं, बुवा?”

गेनूबुवांनी विणता विणता मान वर केली.

“कुणाला हात न्हाई?”

“हात आहेत हो. दोन्ही आहेत. हातात कला नाही, असं म्हणतेय मी.”

“दोन्ही हायेत?”

“आहेत.”

“मग बरं हाय,” बुवा म्हणाले आणि पुन्हा टोपी विणायला लागले.

कुमुदबाई चिडल्या. डोंगर चढून आल्या होत्या, धाप अजून ओसरली नव्हती, आणि समोरचा माणूस त्यांच्या प्रश्नाची अशी वाट लावत होता.

गेनूबुवांचा मठ म्हणजे डोंगराच्या कुशीतली एक खोली आणि पुढं पडवी. मूर्ती नाही, पादुका नाहीत. भजनाला पेटी होती, तिचे दोन सूर कायमचे गेले होते. बुवा दिवसभर पडवीत बसून लोकरीच्या कानटोप्या विणत. कुणी म्हणे ते पलटणीत असताना विणायला शिकले, कुणी म्हणे दवाखान्यात पडून असताना. बुवांना विचारलं तर ते विचारणाऱ्याच्या डोक्याचं माप घ्यायला लागत. आमच्या खोऱ्यात थंडी बेताची नाही, त्यामुळे प्रत्येक घरात बुवांची एक तरी टोपी असायची. पुरुषमाणूस विणतो म्हणून हसणारेसुद्धा ती टोपी कानावर ओढूनच हसत.

कुमुदबाईंचं मला कौतुक आहे, ते आधीच सांगून टाकतो. पुढं त्यांचं थोडं चुकलेलं दिसेल, म्हणून.

त्या आल्या तेव्हा आमच्याकडं साधं बटण हवं असलं तरी कराड गाठावं लागे. रंगाला रंग मिळणारी दोऱ्याची रिळं, मशीनच्या सुया, लोकर, सगळं कराडला. शिवणाचा क्लासही तिकडंच. बाई स्वतः लग्नाआधी रोज एसटीनं जाऊन-येऊन तिथं शिकल्या होत्या. इथं सून म्हणून आल्यावर त्यांनी घराच्या ओसरीवर एक मशीन मांडलं आणि पोरीबाळींना बोलावलं. हळूहळू ओसरीवरच कपाट आलं. त्यात बटणं आली, काजाचा रेशीमदोरा आला, हिवाळ्याच्या तोंडावर लोकरीचे गुंडे आले. कुणाकडं विणायच्या सुया नसल्या तर मोडक्या छत्रीच्या काड्या घासून चालतात, हेही त्यांनीच आमच्या बायकांना दाखवलं. शाळांच्या स्वेटरचं काम त्या मिळवत आणि शिकून तयार झालेल्या बायकांना वाटून देत. त्या कामावर कितीतरी चुली पेटल्या. एवढं एका बाईनं केलं.

आणि टाका कसा, तर छापल्यासारखा. त्यांचाही आणि त्यांच्या पोरींचाही. याचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्या लपवतही नसत.

“कोण पोरगी?” बऱ्याच वेळानं बुवांनी विचारलं.

बाईंनी सांगितलं. हौसा तिचं नाव. नवऱ्यानं टाकलेली, लहान मुलीला घेऊन माहेरी राहिलेली. भावानं तिच्यासाठी मुंबईत घरकाम बघून ठेवलं होतं. जायचं तर एकटीनं जायचं, पोर इथं वहिनीजवळ ठेवायची. स्वेटरचं काम हाताला लागलं तरच ते टळणार होतं. म्हणून ती पावसाळ्यापासून क्लासला येत होती, चिखल तुडवत, एकही दिवस न चुकवता. पण तिच्या सुयांवर चार टाके नीट उभे राहत नव्हते. लोकर गुंतायची, टाके गळायचे, ती पुन्हा उसवायची. कात्री धरली तर कापड कापायच्या ऐवजी चुरगळायची.

“त्यात डावखुरी,” बाई म्हणाल्या. “मी पहिल्याच दिवशी सांगितलं, माझ्या क्लासात सुई उजव्या हातात. सगळे नमुने तसेच असतात. एकीला एक आणि दुसरीला एक, असं मी शिकवू कशी?”

“क्लासात मग ती करती काय?”

“बसते. बघते.”

“काय बघती?”

“दुसरीचं बघते. तेवढंच येतं तिला.”

बुवांच्या सुया चालत राहिल्या…

“भाऊ तिला येत्या सोमवारी पाठवणार आहे,” बाईंचा आवाज खाली आला. “काल मला विचारायला आला. म्हणाला, बाई, हिला जमणार असेल तर तसं सांगा, म्हणजे मी थांबतो. मी म्हटलं, दोन दिवसांत सांगते… खोटं कसं सांगू, बुवा? आणि खरं सांगितलं तर ते लेकरू…”

त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

“म्या काय करू?” बुवांनी विचारलं.

“तुम्ही एकदा म्हणा, की जमणार नाही. तुम्हीही विणता. तुम्ही म्हणालात की माझ्या मनाला लागून राहणार नाही.”

बुवांनी ओळ पुरी केली. सुई फिरवली.

“मला ठाऊक न्हाई,” ते म्हणाले. “उद्या घिऊन या तिला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी आल्या. हौसा पडवीच्या कडेला टेकली. हात पदराखाली होते. बाईंनी तिच्या सुया आणि लोकर पिशवीतून काढून समोर ठेवली आणि त्या तिच्या शेजारी बसल्या, क्लासात बसत तशाच.

बुवांनी तिला नाव विचारलं नाही, गावही नाही.

“भाकरी कुठल्या हातानं थापतीस?”

हौसानं बाईंकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

“विण जरा,” बुवा म्हणाले.

तिनं सुया उचलल्या, शिकवल्याप्रमाणे धरल्या. उजव्या हातानं सुरुवात केली. एक टाका झाला, दुसरा झाला, तिसऱ्याला लोकर बोटाभोवती गुंडाळली गेली आणि सुई निसटून फरशीवर पडली. तिनं ती उचलली नाही. पुढं काय होणार हे तिला पाठ होतं. हात पुन्हा पदराखाली गेले.

बाईंनी बुवांकडं पाहिलं. पाहिलंत ना, असं ते पाहणं होतं.

बुवांनी हातातली टोपी बाजूला ठेवली. दोन मोकळ्या सुया घेतल्या, टाके घातले, चारपाच ओळी झरझर विणल्या. मग सुया हातांत उलट्या बाजूंनी धरल्या, डावीची उजवीकडं, उजवीची डावीकडं. गुडघ्यावर हात देऊन उठले आणि हौसाच्या दुसऱ्या अंगाला, घोंगडीवर येऊन बसले.

आणि डाव्या हातानं विणायला लागले.

लागले म्हणजे काय, धडपडायला लागले. ज्या माणसाला डोळे मिटून विणताना सगळ्या खोऱ्यानं पाहिलं होतं, त्याच्या हातांत सुया एकमेकींवर आपटत होत्या. लोकर मांडीवरून घरंगळली. जीभ दातांत धरलेली, कपाळावर घाम. एका टाक्यासाठी इतका वेळ, की बघणाऱ्याचाच जीव वर-खाली व्हावा.

बाईंना ते बघवेना.

“बुवा, थट्टा करताय का?”

“न्हाई,” बुवा म्हणाले. “येत न्हाई मला.”

तेवढं बोलून पुन्हा सुईशी झोंबाझोंबी. त्या आवाजात नाटक नव्हतं, लाजही नव्हती. पाणी मागावं इतक्या सहज ते म्हणाले होते. एवढ्या वयाच्या, एवढ्या मानाच्या माणसाच्या तोंडून तसं ऐकायची बाईंना सवय नव्हती. खरं तर कुणालाच नसते.

हौसा आता त्यांच्या हातांकडं बघत होती. मान अजून खालीच, पण डोळे तिकडं.

विणता विणता एक टाका सुईवरून गळला आणि सुळकन खाली उतरला.

“बुवा, टाका सुटला,” बाई पटकन म्हणाल्या. त्यांचा हातही पुढं गेला.

“तुमाला न्हाई इचारलं,” बुवा शांतपणे म्हणाले.

बाईंचा हात तिथंच थांबला.

बुवांनी विणलेला तुकडा हौसापुढं धरला. “पोरी, बग बरं. कुठं चुकलं?”

तिनं तुकड्यावर नजर फिरवली.

वाऱ्यानं पडवीतला पाचोळा इकडून तिकडं गेला. बुवा तुकडा धरून बसले होते. त्यांना कसलीच घाई नव्हती.

“त्यो…” हौसा म्हणाली. “त्यो दोन वळी खाली गेलाय.”

“वर येईल?”

“येईल.”

“कसा?”

तिनं पुन्हा बाईंकडं पाहिलं.

बाई काहीतरी बोलणार होत्या. सुई उजव्या हातात, हेच ते असणार. इतक्या वर्षांची सवय होती. ओठ उघडले… आणि मिटले. बोलण्यात हार न जाणाऱ्या त्या बाईचं हे गप्प बसणं मला त्यांच्या सगळ्या स्वेटरांहून मोठं वाटतं.

पदराखालून डावा हात बाहेर आला.

हौसानं बुवांच्या हातातून तुकडा घेतला. सुईच्या टोकानं खालचा फास पकडला, त्यावरचा आडवा धागा त्यातून ओढून घेतला. एक पायरी. पुन्हा तसंच, दुसरी पायरी. टाका वर आला आणि आपल्या जागी सुईवर जाऊन बसला. लोकर गुंतली नाही. तिचं तिलाच ते नवल वाटलं असावं, कारण ती त्या टाक्यावर बोट फिरवत राहिली.

मग तुकडा परत देताना, कुणी न विचारता, ती म्हणाली, “तुमी लोकर लई आवळून धरताय.”

“व्हय का?”

“व्हय. म्हून सुई शिरत न्हाई.”

“आशी धरू?”

“तशी न्हाई. आशी.”

तिनं स्वतःच्या सुया उचलल्या. डावी-उजवी बदलून धरल्या. फरशीवर पडलेली सुई कधी उचलली तेही तिला कळलं नसेल. एक टाका घेतला, बुवांना दाखवायला सावकाश. दुसरा घेतला. बुवा तिच्याकडं बघून आपल्या सुईवर तसंच करायला लागले, चुकायला लागले, आणि ती त्यांना थांबवायला लागली. एकदा तर तिनं त्यांचं बोट धरून बाजूला केलं. बुवांनी ते मुकाट्यानं करू दिलं. ओळ पुढं सरकत होती. टाके काही छापल्यासारखे नव्हते, थोडे सैल, थोडे तिरके, पण सगळे सुईवर उभे होते.

बाई पुढं पुढं सरकत तिच्या अगदी अंगाशी आल्या. मान वाकवून त्या एकेक टाका बघत होत्या.

“हौसा… हे तू कुठं शिकलीस?”

“तुमचंच बगून, बाई.”

“मग क्लासात का नाही केलंस?”

हौसानं नजर सुयांवरच ठेवली. तिचा हात तेवढा मंदावला.

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसले नाहीत. आज संध्याकाळी भावाला काय सांगायचं ते त्यांना कळलं होतं, आणि त्या आनंदाच्या खालोखाल दुसरं एक काहीतरी टोचत होतं. इतके दिवस ही पोर त्यांच्या डोळ्यांसमोर बसून सगळं शिकत होती, आणि त्या तिला शिकवत होत्या ते एवढंच, की तुझ्या हातात कला नाही. आधी कितीजणी अशाच आल्या असतील आणि गेल्या असतील, हेही त्यांच्या मनात आलं. एकदोन चेहरे तर आठवलेच.

“बुवा,” त्या म्हणाल्या. “तुम्ही गुरू. माझं चुकलं, ते मला दिसतंय. आता मी काय करू, तेवढं सांगा.”

बुवांचं लक्ष नव्हतं. सुई फासात कशीबशी शिरली होती, ते ती जपून पुढं ढकलत होते. मध्येच ते थांबून हौसाच्या हाताकडं बघत, पुन्हा आपल्याकडं बघत.

“बुवा…”

“बाई,” मान वर न करता बुवा म्हणाले, “वाईच सरकून बसा. पोरीच्या हातावर सावली पडतीया.”