इरण्णाचा खड्डा

इरण्णाच्या छोट्या ट्रॅक्टरला मागं खोदायचं बकेट होतं. गावात कुणी लिंगायत गेला की रुद्रभूमीतला दफनाचा खड्डा त्यानंच निघायचा. आज खड्डा इरण्णासाठीच हवा होता. त्याची बायको महानंदा बकेटच्या सांध्यांना ग्रीस देऊन ट्रॅक्टर घेऊन आली, तर गावचे पुढारी बसवंतअण्णा फाटकात आडवे उभे.

"बाईनं इथं यायचं नसतं. बाईनं काढलेल्या खड्ड्यात मेलेल्याला शांती मिळत नाही."

महानंदानं डोळे पुसले.

"अण्णा, श्रावणात तुमचे वडील गेले, त्याच्या आधीपासूनच यांचे हात थरथरायचे. कसाबसा ट्रॅक्टर इथवर आणायचे आणि त्या चिंचेखाली बसून 'हळू गं' म्हणत राहायचे. खोदायची मी. तुम्ही सगळे तेव्हा मयताच्या घरी असायचात. वडलांना शांती मिळाली नसेल, तर आधी त्यांना वर काढू. यांचं मग बघू."

बसवंतअण्णा मान खाली घालून बाजूला झाले.

बकेट मातीत उतरलं. खड्डा नेहमीसारखाच सरळ निघत गेला. महानंदा मात्र पुन्हापुन्हा चिंचेकडं बघत होती. 'हळू गं' म्हणणारं तिथं कुणी नव्हतं.