तिठ्यावरची हौसा आणि मानाचा विडा

बरं, सगळे आलात का? पाय आत घ्या, गोधडी ओढू नका. मध्ये बोलायचं नाही. बोललात की गोष्ट रुसते, आणि रुसलेली गोष्ट काही गुळाखोबऱ्यानं परत येत नाही.

एकदा काय झालं, एक होता तिठा. म्हणजे तीन वाटा मिळतात ना, ती जागा. एक वाट डोंगरावर जायची, एक समुद्राकडे आणि एक राजाच्या नगरात. मधोमध एक धर्मशाळा होती आणि धर्मशाळेसमोर तिठ्याची आई. आई म्हणजे काय, शेंदूर लावलेला दगड. पण तिची रीत वेगळी होती बरं का. बाकीच्यांनी तिच्यापुढे नारळ फोडायचा, पण गाणाऱ्या-वाजवणाऱ्यानं फोडायचा नाही. त्यानं तिला एक गाणं द्यायचं आणि मगच पुढं जायचं.

धर्मशाळेवाल्याला एक मुलगी होती. तिचं नाव हौसा. या हौसाला गाण्याचं असं वेड, असं वेड, की चुलीवरची भाकरी करपून कोळसा झाली तरी हिला वास यायचा नाही. आणि अमकंच गाणं हवं असं काही नव्हतं. वासुदेव आला, बसली ऐकत. गोंधळी आले, बसली ऐकत. लग्नाच्या वरातीतला सनईवाला दमून ओसरीवर टेकला, तर ही पाण्याचा तांब्या घेऊन हजर. वर म्हणणार, "पाणी प्या आणि ते मघाचं पुन्हा वाजवा." एक आजोबा चालता चालता पदं रचायचे आणि चालता चालता विसरायचे. परतताना ते हौसालाच विचारायचे, "पोरी, मी जाताना काय म्हणत होतो ग?" ती सगळं सांगायची, एका अक्षराची चूक नाही.

पण तिचे खरे लाडके तिघं. डोंगरावरचा म्हाकू धनगर. तो ओवी म्हणायचा. समुद्रावरची मानकूबाय. ती धवलारीण होती, म्हणजे आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवले गाऊन नवरा-नवरीला बोहल्यावर चढवणारी बाई. आणि नगरातले वयस्कर वीरेश्वरबुवा. ते राजापुढे बीन वाजवायचे. बीन म्हणजे गारुड्याची नव्हे रे, दोन भोपळ्यांची मोठी वीणा. म्हाकू गायला की हौसा म्हणायची, "मामा, तुमच्यासारखं कुणाचं नाही." मानकूबायला तेच म्हणायची आणि बुवांनाही तेच. खोटं नव्हती हं बोलत. ज्याचं ऐकायची त्या घडीला तिला तसंच वाटायचं.

मग काय झालं, आईची जत्रा आली आणि तिघंही एकाच दिवशी धर्मशाळेत उतरले. जत्रेत पहिलं गाणं कुणी द्यायचं? तर ज्याला मानाचा विडा मिळेल त्यानं. आणि विडा द्यायचा धर्मशाळेच्या लेकीनं, म्हणजे हौसानं.

म्हाकू म्हणाला, "इडा माझाच. पोरगी म्हनती, माझ्यावानी कुनाचं न्हाई."

मानकूबाय म्हणाली, "मना पन तेच सांगितलाय तिनी."

बुवांनी नुसता हात पुढे केला.

हौसा विडा घेऊन उभी. म्हाकूकडे पाहिलं, तर त्याची ओवी आठवली. मानकूबायकडे पाहिलं, तर तिचा धवला. बुवांकडे पाहिलं, तर ती खर्जाची जाड तार. देणार कुणाला? मग त्या वेडीनं काय केलं असेल? विड्याचे तीन तुकडे केले आणि तिघांपुढे धरले.

अग बाई! मानाच्या विड्याचे कुणी तुकडे करतं का? गुळाचा खडा आहे तो, वाटून खायला? तिघंही ताडकन उठले आणि आण घेऊन म्हणाले, "अख्खा विडा हातात पडेल तेव्हाच तुझ्यापुढे गाऊ. नाहीतर तुझ्या कानावर आमचा सूर पडणार नाही." आणि आईला गाणं न देताच तीन वाटांनी तिघं निघून गेले.

तिठ्याच्या आईपुढून गाणारा कधी तसाच गेला नव्हता. आई मुकी झाली. आणि आई मुकी झाल्याबरोबर तिठ्यावरचा सगळा आवाजच गेला. जातं फिरायचं, पण घरघर नाही. ओढा वाहायचा, पण खळखळ नाही. कोंबडा मान उंचावून चोच उघडायचा आणि तसाच ओशाळून खाली उतरायचा. बाप हौसाला हाक मारायचा ते तिला नुसतं दिसायचं. कोण राहणार अशा ठिकाणी? वाटसरू लांबूनच वळून जाऊ लागले.

हौसाचा जीव झुरणीला लागला. ती आठवून आठवून मनातल्या मनात गाणी ऐकायची. पण आठवणीतलं गाणं किती पुरणार? आधी शब्द गेले, मग चाली पुसट होऊ लागल्या. एके सकाळी उठली, तर म्हाकूच्या ओवीची सुरुवातच आठवेना. तेव्हा ती फार घाबरली. आता गेले नाही तर आतलंही सगळं जाईल, असं तिला वाटलं. तिनं एक अख्खा विडा केला, पदरात बांधला, बापाला खुणेनं सांगितलं आणि निघाली.

वेशीबाहेर पाऊल टाकलं आणि किणकिण झाली. हौसा दचकली. बघते तर तिच्याच हातातल्या बांगड्या! ती तिथंच उभी राहून हात हलवत राहिली आणि रडली.

आधी गेली डोंगरावर. म्हाकू मेंढरांत बसला होता. म्हणाला, "इडा दे, गातो."

हौसानं गाठ सोडली. एवढा विडा दिला की झालं, गाणं ऐकायला मिळणार! कान नुसते भुकेले झाले होते. पण हात पुढे होईना. तिला मानकूबाय आठवली, बुवा आठवले. तिनं गाठ परत बांधली.

"मामा," ती म्हणाली, "तुमची ओवी शेवटाला खाली उतरते ना, तिथं मला समुद्र ऐकू यायचा. मानकूबायचा धवलाही तसाच उतरतो."

म्हाकूनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. "समिंदर कसा असतो ग?" त्यानं विचारलं.

"मी तरी कुठं पाहिलाय? मी तो गाण्यातच ऐकलाय." म्हाकू खाली समुद्राच्या वाटेकडे बघू लागला. हौसा उपाशी कानांनी डोंगर उतरली.

मग गेली समुद्रावर. मानकूबाय म्हणाली, "मना दे विडा, मंग गातंय." हौसाचा हात पुन्हा अडला. ती म्हणाली, "नवरी घराबाहेर पडते तेव्हा तुम्ही सूर ओढून धरता, सोडवत नाही तुम्हाला. बुवांची जाड तार तश्शीच ओढते." मानकूबाय म्हणाली, "तारेला कुठची लेक, ती कशाला रडंल?" पण हौसा गेल्यावर मासळी वाळवता वाळवता तिचा हात मध्येच थांबायला लागला.

मग गेली नगरात. बुवांनी हात पुढे केला. हौसा म्हणाली, "तुमचा सूर विरून जातो ना बुवा, त्यानंतर तुम्ही थांबता. म्हाकूमामा तसाच थांबतो. डोंगरावरून हाळी देतो आणि पलीकडून उत्तर यायची वाट बघतो."

"आणि उत्तर नाही आलं तर?"

"तरी थांबतो."

बुवांनी हात मागे घेतला. बराच वेळ ते बीनेकडे बघत बसले. पण वाजवलं मात्र नाही. आण म्हणजे आण.

हौसा घरी आली. विडा तसाच पदरात, सुकून गेलेला. तिनं तो आईपुढे ठेवला आणि दगडाला मिठी मारून रडली. रडण्याचाही आवाज नाही रे बाळांनो. तिला वाटलं, आपणच सगळं घालवलं. एकाला जरी विडा दिला असता, तर निदान एक गाणं तरी मिळालं असतं.

दिवस गेले. एका दुपारी डोंगराच्या वाटेनं धूळ उठली. म्हाकू मेंढरं घेऊन उतरत होता. त्याला समुद्र ऐकायचा होता. थोड्या वेळानं दुसऱ्या वाटेनं मानकूबाय आली, नऊवारी खोचून, भराभरा. आणि सांजेच्या आत बुवा, खांद्यावर बीन घेऊन. तिघं समोरासमोर उभे राहिले. बोलायची सोय नव्हती, आणि तेच बरं झालं. नाहीतर पुन्हा मानपानावरूनच सुरू झालं असतं!

म्हाकूनं आईपुढचा सुकलेला विडा उचलला. हौसा मनात म्हणाली, घेतला वाटतं यानं! पण म्हाकूनं तो मानकूबायच्या हातावर ठेवला आणि दोन्ही हात जोडले. आजवर कुणी गाणाऱ्यानं दुसऱ्या गाणाऱ्याला विडा दिला नव्हता.

मानकूबायनं आईला गाणं द्यायला तोंड उघडलं, आणि आवाज आला! धवला वर चढला, खाली उतरला. म्हाकू डोळे मिटून डोलायला लागला. ओढा खळखळला, जातं घरघरलं, आणि तो कोंबडा, मेला, भलत्या वेळी आरवला. मग मानकूबायनं विडा बुवांना दिला. बीन वाजली तशी ती पदर तोंडाला लावून बसली. बुवांनी विडा म्हाकूला दिला. म्हाकूनं हाळी दिली आणि थांबला, तसे बुवाही श्वास धरून थांबले.

आणि हौसा? ती मध्ये बसून नुसती ऐकत होती. सगळ्यात चांगलं कोण, हे तिला त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

सकाळी तिघंही निघाले. पण आपापल्या वाटेनं नाही हं. म्हाकू मेंढरं घेऊन समुद्राकडे गेला, मानकूबाय नगराकडे, आणि बुवा, त्या वयात, काठी टेकत डोंगराकडे. हौसा तिठ्यावर उभी राहिली. तिला पुन्हा हुरहूर लागली. पण आधीची हुरहूर गेलेल्या गाण्याची होती. आता म्हाकू समुद्र पाहून येईल तेव्हा त्याची ओवी कशी झाली असेल, मानकूबाय काय घेऊन येईल, बुवांना डोंगरानं उत्तर दिलं असेल का, याची हुरहूर होती. कुठल्या वाटेकडे बघावं तेच तिला कळेना, म्हणून ती तिन्हीकडे बघत राहिली.

पुढं ती तिघंही आली, गायली, पुन्हा गेली. धर्मशाळा भरलेली राहिली, चुलीवर भाकऱ्या करपत राहिल्या, आणि सगळे सुखात राहिले. आता तुम्ही डोळे मिटा. तिकडे देवळात अजून कुणीतरी भजन म्हणतंय, ऐकू येतंय ना? तेवढं ऐकता ऐकता झोपा पाहू.