येसूची खरी घागर

एकदा एक वृद्ध कुंभारीण होती. चाकावरून उतरलेली ओली घागर आतून दगड धरून, बाहेरून फळीनं थापून गोल करावी ती तिनंच. तिची भाची येसू तिच्या हाताखाली शिकत होती. हात चांगला, पण खोड वाईट. भट्टीतून निघालेली आपली घागर ती उन्हात फिरवून बघे, आणि गोलाई जवभर उणी दिसली की फोडून टाके.

एके दिवशी तिनं सात फोडल्या. आठवी तेवढी उरली. तेवढ्यात वरच्या वाडीची एक बाई धापा टाकत आली. घरात सून बाळंत, पाण्याची घागर सकाळीच फुटलेली, विहीर लांब.

"एक द्या. कसलीही चालेल."

"कसलीही मी देत नसते," म्हणत येसूनं आठवी फोडायला उचलली.

म्हातारीनं विचारलं, "हिला काय झालंय गं?"

"डावीकडं बसलीय, आत्या. खरी गोल नाही."

"खरी गोल कुठं पाहिलीस?"

येसू थबकली. "पाहिली कुठंच नाही. पण डोळे मिटले की दिसते. तिच्यामुळंच तर हिचं वाकडेपण कळतं."

म्हातारी उठली. बाईच्या डोक्यावर तिनं फडक्याची चुंबळ ठेवली, रिकामे हात हवेतून अलगद खाली आणले आणि म्हणाली, "जा बाई. ही येसूची खरी घागर. जपून ने."

बाईनं सवयीनं वर हात नेला. हाताला काहीच लागेना. तिचे डोळे भरले. "बाळंतिणीला काय पाजू, म्हातारे? थट्टा करतेस गरिबाची?"

"तुझी नाही गं, बाई." म्हातारी येसूकडं वळली. "पोरी, तुझी ती घागर खोटी नाही. मलाही चाळीस वर्षं दिसते. तिच्याकडं बघतच माझा हात घडला. ती फुटत नाही, झिजत नाही. पण तिच्यात पाणीही राहत नाही. आपण घडवतो त्या सगळ्या तिच्या सावल्या. सावली म्हणून हिणवू नकोस, उन्हात चालणाऱ्याला तीच लागते. घागरीचं बूड वाकडं, डोकंही वाकडं, हे कळलं म्हणून तर कुण्या शहाण्या बाईनं मध्ये चुंबळ घातली."

येसूनं आठवी घागर बोटानं वाजवली. खणखणीत होती. तिनं ती चुंबळीवर ठेवली. घागर डावीकडं कलली. बाईनं चुंबळ जराशी सरकवली.

"बसली," ती म्हणाली, आणि झपझप विहिरीच्या वाटेला लागली.

लेकराला, सुनेला मनातल्या गोलाशी ताडून रोज फोडणाऱ्यांनी एकदा आपल्या डोक्यावरून हात फिरवून बघावा. तेही गोल नाही.