महाराजांची वामकुक्षी

"असेल, असावं, वाटतं... हे शब्द आजपासून बंद! डोळ्यांनी पाहाल तेवढंच बोला!" राजा रणधीरसिंहांनी फर्मान काढलं.

कारणही तसंच होतं. सकाळी लांबवर धूळ उडाली आणि सेनापती ओरडले, "शत्रू आला असावा!" महाराज धावत जाऊन धान्याच्या कणगीत शिरले. धूळ निघाली शेळ्यांच्या कळपाची! महाराज बाहेर आले तेव्हा मिशीत जोंधळे अडकलेले!

फर्मान निघालं आणि नेमका तेव्हाच तबेल्यातला खंडू म्हणाला, "घोडा लंगडतोय, महाराज. खुरात खडा शिरला असावा."

"शिरताना पाहिलास?"

"नाही, पण..."

"टाका कोठडीत!"

खंडूची बायको सगुणा राजपुत्राची दाई. ती धावत आली. "महाराज, आमच्या धन्यांना सोडा!"

"सोडतो की! मी न पाहिलेली गोष्ट माझ्याच तोंडून खरी म्हणून वदवून दाखव. नाहीतर दिवस मावळला, की खंडू हद्दपार!"

तेवढ्यात पाळण्यात राजपुत्रानं भोकाड पसरलं.

"का रडतोय गं?"

"तोंड उघडं दिसतंय, महाराज."

"ते मलाही दिसतंय! भूक लागलीय का?"

"भूक काही दिसत नाही बाई. तुम्हाला दिसते का?"

महाराज बोलता बोलता थांबले आणि मिशीतल्या मिशीत हसले. "मी नाही सापडायचो हो!"

सगुणानं बाळाला पदराखाली घेतलं.

दुपारी पुरणपोळ्या चापून महाराज झोपाळ्यावर आडवे झाले. ऊन कलायला लागलं तसा सगुणाचा जीव टांगणीला लागला. शेवटी एकदाचे महाराज उठले आणि आळोखेपिळोखे देत म्हणाले, "वा! काय गाढ झोप लागली!"

"पाहिलीत, महाराज?"

"काय?"

"झोप!"

"अगं, मी स्वतः झोपलो होतो! माझ्याहून जास्त कुणाला ठाऊक?"

"तुम्ही तर झोपला होता. मग तुमची झोप बघायला तुमच्यातलं जागं कोण होतं?"

महाराज झोपाळ्याखाली वाकून बघायला लागले.

"मी पाहिली हो! चांगले घोरत होता. पण तुम्ही? ऊन पायरीवरून भिंतीवर गेलं, गालावर उशीची नक्षी उठली, त्यावरून ओळखलंत. आमच्या धन्यांनी लंगडणाऱ्या घोड्यावरून ओळखलं, त्यांना मात्र कोठडी!"

महाराज असे खदाखदा हसले, की झोपाळ्याच्या कड्या कुरकुरल्या. "सोडा रे खंडूला! फर्मानही रद्द! आणि सगुणाला गोठ्यातली कपिला गाय द्या!"

"दुभती असेल ना, महाराज?"

"असेल नाही, आहे!" महाराज डोळे पुसत म्हणाले. "सकाळीच धार काढताना पाहिलीय मी, या दोन डोळ्यांनी!"