करवतीची दुसरी मूठ

पूर्वी शैलपूर नगरात राजा भद्रकेतू राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका लाकूडकाप्याच्या घरी जन्माला आला. त्याचं नाव खदिरक. नगर डोंगरमाथ्यावर होतं. हेमंत ऋतू लागला की तिथली थंडी हाडांत शिरायची, आणि राजवाड्यापासून कुंभारांच्या वस्तीपर्यंत घरोघरी आगट्या पेटायच्या. आगटी पेटायची म्हणजे कुणीतरी रानात जाऊन लाकूड कापायला हवं. ते काम खदिरक करायचा, आणि त्याच्यासोबत त्याचा जोडीदार मल्लक.

गोष्ट बोधिसत्त्वाची खरी, पण ती नीट कळायची तर मल्लकाच्या बाजूने ऐकावी लागते. चूक त्याची होती, आणि जीवही त्याचाच टांगणीला लागला होता.

त्या दोघांची करवत चांगली चार हात लांब होती, दोन्ही टोकांना एकेक लाकडी मूठ. अशी करवत चालवायची एक रीत असते. एकाने ओढायचं, तेव्हा दुसऱ्याने सोडायचं. मग दुसऱ्याने ओढायचं, पहिल्याने सोडायचं. ढकलायचं कुणीच नाही. नवशिक्याला वाटतं, आपण थोडं ढकललं तर समोरच्याला तेवढाच हातभार. होतं भलतंच. पातं वाकतं आणि लाकडात अडकून बसतं. मल्लक मूळचा धसमुसळा, त्यामुळे पहिल्या वर्षी त्याला एवढं एक शिकवताना खदिरकाच्या नाकी नऊ आले होते. "सोड रे, सोड," तो म्हणायचा, "मूठ हातात ठेव, पण ओढ सोड." पुढे चौदा वर्षांत दोघांचे हात असे जुळले, की रानात त्यांच्या करवतीचा आवाज ऐकून बायका ओळखायच्या, आज कुठल्या बाजूला सरपण मिळेल ते.

लाकूडकाप्यांचा आणखी एक रिवाज होता. संध्याकाळी काम संपलं की दोघांनी आपापली मूठ पात्यातून काढायची आणि घरी न्यायची. पातं एक दिवस एकाच्या घरी, एक दिवस दुसऱ्याच्या. म्हणजे करवत दोघांची राहते, एकट्याची कधी होत नाही. वर्षानुवर्षं धरून त्या मुठीला हाताचा आकार यायचा. खदिरकाची मूठ मल्लकाला धरता यायची नाही, इतकी ती खदिरकाची झाली होती.

आणि झाडाला करवत लावण्याआधी खदिरक कुऱ्हाडीच्या तुंब्याने, म्हणजे पात्यामागच्या बोथट बाजूने, बुंध्यावर तीनदा ठोकायचा, मग कान लावून थांबायचा. आत कुणाचं घरटं, कुणाचं बीळ असेल तर त्याला निघून जायला वेळ मिळावा. झाड आतून पोकळ असेल तर तेही आवाजावरून कळायचं. त्याचं ते थांबणं मल्लकाच्या डोक्यात जायचं. "झालं का तुझं? की झाडाची परवानगी यायची आहे अजून?" तो चिडवायचा. खदिरक हसायचा आणि आणखी थोडा थांबायचा.

एका शरदात राजाच्या वनाध्यक्षाने जाहीर केलं, की राजवाड्याच्या लाकडाचं काम पाहायला एक मुख्य लाकूडकाप्या नेमायचा आहे. त्याला राहायला घर, वर्षाचं धान्य, हाताखाली माणसं. मल्लकाला झोप लागेना. आपल्यालाही लोकांनी ओळखावं, आपणही कुणाला हुकूम द्यावा, असं त्याला फार दिवसांपासून वाटत होतं. पण लोक विचारायचे ते खदिरकालाच. मल्लक कुणाला न सांगता वनाध्यक्षाकडे गेला आणि त्याचे कान भरून आला.

"खदिरक माणूस वाईट नाही, धनी," तो म्हणाला, "पण कामाचा नाही. प्रत्येक झाडाला ठोकतो आणि कान लावून बसतो. वाळक्या फांद्या म्हाताऱ्यांना वाटून टाकतो. रान राजाचं आणि हा दानशूर."

शब्द एकही खोटा नव्हता, आणि सगळं मिळून खोटं होतं. नेमणूक मल्लकाची झाली. दुसऱ्या दिवशी पहाटेच तो पातं घेऊन बाहेर पडला. खदिरकाच्या मुठीच्या जागी त्याने नवी मूठ बसवून घेतली होती.

संध्याकाळी घरी येताच त्याने बायकोला, सामाला विचारलं, "तो आला होता?"

"आले होते. मूठ घेऊन, रोजच्यासारखे."

"काय म्हणाला? शिव्या दिल्या असतील."

"मी सांगितलं, भाऊजी, ते पातं घेऊन गेले. मला मान वर करून बोलताही आलं नाही. मग भाऊजींनी मूठ कमरेला खोचली आणि ते गेले."

मल्लकाने शिव्यांना उत्तरं तयार ठेवली होती. ती तशीच राहिली, आणि त्या संध्याकाळी त्याला जेवण गेलं नाही.

खदिरकाला दुःख झालं का? झालं. चौदा वर्षांचा सोबती असा निघून जातो तेव्हा बोधिसत्त्वालाही ते लागतं. पण त्याने ते कुणापाशी काढलं नाही. तो रानात पडलेल्या काटक्या गोळा करून मोळी विकू लागला, आणि घरी बसून लाकडाच्या वस्तू करू लागला. कुणाला भाकरीचं पीठ मळायला काठवट, कुणाला पाट, कुणाच्या लेकराला पाळणा. मूठ त्याने खुंटीला टांगली होती. आठवड्यातून एकदा तो तिला तेल चोळायचा.

डोंगराच्या वाटेवर दोघांची एकदाच गाठ पडली. डोक्यावरची मोळी खाली ठेवून खदिरकाने विचारलं, "पातं कसं आहे रे? थंडीत तेल लाव बरं, नाहीतर गंजेल."

मल्लक पुटपुटला, "लावतो," आणि निघाला. दुसऱ्या कुणी असं विचारलं असतं तर तो टोमणा समजला असता. हा टोमणा नव्हता, म्हणूनच तो त्याला जास्त लागला.

माघाच्या सुरुवातीला राजाने नव्या सभागृहाचं काम काढलं. छताला एकच सलग तुळई हवी होती, अठरा हात लांब. वनाध्यक्षाने रानभर फिरून एका उतारावर एक जुना, सरळसोट ऐन निवडला आणि मल्लकाला सांगितलं, "असं झाड पुन्हा मिळायचं नाही. जप."

सकाळची वेळ होती. मल्लकाने कुऱ्हाड हातात घेतली आणि क्षणभर थांबला. तुंब्याने ठोकावं का? पण वनाध्यक्ष मागे उभा होता. याच माणसापुढे त्याने त्या ठोकण्याची चेष्टा केली होती. तो न ठोकताच म्हणाला, "लावा करवत."

एका मुठीवर तो स्वतः होता, दुसरीवर हाताखालचा एक गडी. गडी मल्लकाच्या ओरडण्याला इतका भ्यायलेला, की जोर दिसावा म्हणून ढकलत होता. पातं दोनदा अडकलं. तिसऱ्यांदा ते सुटलं आणि खोडातून कडकड आवाज आला. झाड बुंध्याशी दोन हात पोकळ होतं. ते वेळेआधीच मोडलं, उतारावर आडवं झालं आणि घसरत खाली आलं. बाकीचे पळाले. मल्लक एका घळीत पडला, आणि खोडाच्या मध्याने त्याचा डावा पाय गुडघ्याखाली खडकाशी दाबून धरला.

गड्यांनी कुऱ्हाड चालवून पाहिली. पहिल्याच घावाला खोड बोटभर घसरलं आणि मल्लक असा ओरडला, की गड्याच्या हातून कुऱ्हाड गळली. कुऱ्हाडीने काम होणार नव्हतं. खोड उचलायला हत्ती आणायचे तर दोन दिवस. हळूच करवतीने कापावं तर पलीकडे घळीत एकाच माणसापुरती जागा, आणि तिथे मल्लक अडकलेला.

कुणीतरी धावत जाऊन खदिरकाला सांगितलं. तो आला तेव्हा ऊन चांगलं वर चढलं होतं. मल्लकाने आधी त्याच्या कमरेकडे पाहिलं. तिथे ती जुनी मूठ खोचलेली होती, आणि ती बघून त्याने मान फिरवली.

वनाध्यक्षाने खदिरकाला बाजूला घेतलं, पण घळीत सगळं ऐकू येत होतं. "हे बघ, खोड मधोमध कापलं तर तुळई गेली. मी वैद्याला बोलावलंय. पाय कापून याला बाहेर काढू. पाय गेलेला माणूस मुख्य लाकूडकाप्या राहू शकत नाही. ती जागा तुझीच होती, मला आता कळतंय. तू फक्त लांब राहा."

मल्लकाने शब्दन्शब्द ऐकला. त्याच्या मनात आलं, मी याच्या जागी असतो तर काय केलं असतं? उत्तर त्याला ठाऊक होतं.

खदिरक म्हणाला, "धनी, तुळई मी तोडली असं राजाला सांगा."

"राजा तुझा हात तोडेल."

"मग आजचं काम तरी होऊ दे हाताने," असं म्हणून तो उतारावरून खाली आला. त्याने खोडाचा वरचा भाग दोरखंडाने एका जाड झाडाला बांधायला लावला. पात्याच्या एका टोकाची नवी मूठ काढून आपली बसवली. दुसरं टोक खोडावरून पलीकडे सरकवलं, थेट मल्लकाच्या छातीपाशी.

"धर," तो म्हणाला.

"मी?" मल्लकाला खरंच कळलं नाही. "मला हलता येत नाही."

"पाय अडकलाय. हात मोकळे आहेत. पलीकडे दुसरं कुणी मावत नाही, गड्या."

"मला भीती वाटते." चौदा वर्षांत त्याने हे कधी कबूल केलं नव्हतं.

"वाटू दे. तू ओढ, मी सोडतो. मी ओढेन, तेव्हा तू सोड. एवढंच."

करवत चालू झाली. पाठ खडकाला टेकवून मल्लक ओढायचा तेव्हा ठीक होतं. पण खदिरकाची पाळी आली, पातं त्याच्यापासून दूर जाऊ लागलं, की त्याचा जीव घाबरा व्हायचा. लवकर कापलं जावं म्हणून हात आपोआप ढकलू पाहायचे. एकदा त्याने ढकललंच. पातं वाकलं, खोड कुरकुरलं, पायातून कळ थेट डोक्यात गेली.

खदिरक रागावला नाही. त्याने कापलेल्या फटीत वरून लाकडाची पाचर ठोकली, पातं मोकळं केलं आणि तोच जुना शब्द म्हणाला, "सोड रे. मूठ हातात ठेव, पण ओढ सोड."

मल्लकाने डोळे मिटले. ज्या माणसाचं आपण सगळं नेलं, त्याच्या हाती आपला पाय आहे, आणि आपल्याला करायचं ते एवढंच की त्याची पाळी आली की सोडायचं. त्याने सोडलं. भुसा त्याच्या मांडीवर पडत राहिला. हळूहळू रानात तो जुना आवाज येऊ लागला, आणि डोंगरावर काटक्या वेचणाऱ्या बायका काम थांबवून ऐकू लागल्या.

उन्हं कलली तेव्हा खोड तुटलं. वरचा भाग दोरखंडाला लटकून राहिला, खालचा मल्लकापासून दूर, घळीच्या खालच्या अंगाला घरंगळला. पाय ठेचला होता, पण जागेवर होता. मल्लक लहान मुलासारखा रडला.

राजासमोर वनाध्यक्षाने सगळा दोष खदिरकावर घातला. तेव्हा चार माणसांच्या खांद्यावरून आलेला मल्लक म्हणाला, "महाराज, तुळई माझ्यामुळे गेली. हा ठोकून बघतो, म्हणून मी त्याला आळशी ठरवलं. मी ठोकलं असतं तर झाड पोकळ आहे हे कळलं असतं. नेमणूकही मी चहाडी करून मिळवली. ती काढून घ्या."

राजा भद्रकेतूने विचारलं, "दोन तुकडे केवढे आहेत?"

"नऊ-नऊ हात, महाराज," खदिरक म्हणाला. "दोन्ही निकोप."

"मग सभागृह राहू दे. घाटात दोन निवारे बांधा, आत मोठी आगटी असलेले. रानात जाणाऱ्यांना थंडीत टेकायला जागा होईल. आणि मुख्य लाकूडकाप्या आता तू."

"एकट्याला करवत चालवता येत नाही, महाराज," खदिरक म्हणाला. "मला जोडीदार लागेल. तो बरा होईपर्यंत मी थांबतो."

चैत्रात मल्लक काठी टेकत खदिरकाच्या दारात आला. खांद्यावर पातं होतं, तेल लावलेलं. एका टोकाला त्याची मूठ होती, दुसरं टोक रिकामं.

बसायच्या आधी तो म्हणाला, "एक विचारू? मी तुझं एवढं नेलं, तू काहीच बोलला नाहीस. का?"

खदिरकाने खुंटीवरची मूठ काढली. "तू ओढत होतास. त्या वेळी मीही ओढलं असतं तर पातंच तुटलं असतं. म्हणून सोडलं. मूठ मात्र ठेवली."

"आणि त्या दिवशी घळीत?"

"तेव्हा माझी पाळी आली होती."

मल्लकाने पातं पुढे केलं. खदिरकाने रिकाम्या टोकाला आपली मूठ बसवली. अंगणात पाळण्यासाठी आणलेला एक ओंडका पडला होता, त्यावर त्याने पातं टेकवलं.

"आता तुझी," तो म्हणाला.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली ती विहाराच्या अग्निशाळेत. सकाळी लाकडं कापताना भांडून दोन भिक्खू एकमेकांकडे पाठ करून बसले होते. कथा ऐकून त्यातला थोरला, भिक्खू सोमदंत, उठून धाकट्याशेजारी जाऊन बसला. शास्ते म्हणाले, "तेव्हाचा मल्लक म्हणजे आजचा सोमदंत. सामा म्हणजे आज आपल्याला रोज सरपण आणून देणारी ती उपासिका. राजा भद्रकेतू म्हणजे हा विहार बांधून देणारा श्रेष्ठी. आणि खदिरक मी होतो." वनाध्यक्ष कोण होता ते त्यांनी सांगितलं नाही, पण तीन-चार जणांनी माना खाली घातल्या. मग ते म्हणाले, "भिक्खूंनो, समोरचा ओढत असताना आपण सोडावं, आणि हातची मूठ मात्र टाकू नये, याला क्षांती म्हणतात." एवढं बोलून ते थांबले, आणि दोघे भिक्खू बाहेर अंगणातलं उरलेलं लाकूड कापायला उठले.