धुराचा मान

खूप जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की ती ज्या गावात घडली त्याचं नावही आता कुणाला सांगता येणार नाही. चहूबाजूंनी डोंगर, मधे तळं आणि तळ्याकाठी सगळी कुंभारांची घरं.

त्या गावाची एक गंमत होती. मडकी भाजायच्या आव्यातून ज्याचा धूर जास्त, तो मोठा माणूस. सोयरीक जुळवायला आलेले पाहुणे घरदार बघत नसत, मान वर करून धूर बघत. मग काय, लोक आव्यात मुद्दाम ओला पाला कोंबायचे, डोळे चोळत खोकायचे आणि शेजाऱ्याकडे ऐटीत बघायचे.

असं करता करता डोंगरांमधलं आभाळ मातकट झालं. ऊन फिकं पडलं. भर दुपारी अंगणात कुणाची सावली धड पडेना. पाऊसही वर्षागणिक रोडावत गेला.

“सूर्य म्हातारा झाला,” गावकरी म्हणाले. “त्याला ऊब द्यायला हवी.” आणि त्यांनी डोंगरमाथ्यावर आणखी जाळ पेटवले. हसू नका, आपणही कधीकधी असेच उपाय करतो.

त्या गावात एका कुंभाराच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. रीत अशी, की मांडवात मांडायची मडकी मुलीच्या बापाने स्वतः घडवायची आणि त्यातलं एक जरी तडकलं तरी लग्न पुढे ढकलायचं. त्याची मडकी दोनदा तडकली होती. ऊन नसल्यामुळे ती नीट वाळत नसत, आत ओल राहायची आणि आव्यात गेली की फुटायची. डोंगरापलीकडच्या कुंभारगावातून व्याह्यांनी निरोप धाडला, “आता नाही जमलं तर आम्ही दुसरी मुलगी बघू.”

लेकीला तो मुलगा मनापासून आवडला होता. ती उदास होऊन तळ्याकाठी जाऊन बसली. समोरच्या खडकावर एक घार पंख सुकायची वाट बघून कंटाळली होती.

“घारताई, तू उंच जातेस. सूर्याला खरंच बरं नाही का गं?”

“त्याला काय धाड भरलीय?” घार म्हणाली. “धुराच्या वर गेलं की माझी पाठ भाजते. धुराची घोंगडी तुम्हीच डोक्यावरून ओढून घेतलीत. ऊन तळ्यापर्यंत पोचलंच नाही, तर पाण्याची वाफ कशी होणार आणि ढग कुठून भरणार?”

मुलगी धावत घरी आली आणि घार काय म्हणाली ते तिने सांगितलं. “बाबा, आपली मडकी वाळेपर्यंत गावातले सगळे आवे थंड राहू देत.”

बापाने आधी नकारार्थी मान हलवली. लग्नघरी धूर नाही म्हणजे चारचौघांत नाक कापलं जाणार. पण कोपऱ्यात तडकलेल्या मडक्यांचा ढीग होता आणि समोर लेकीचा चेहरा. तो उठला आणि दारोदार जाऊन हात जोडू लागला.

काहीजण हसले. शेवटी एक म्हातारी म्हणाली, “अरे, मडकी आपल्या सगळ्यांचीच फुटतायत. थोडे दिवस नाही भाजली, तर फुटायची तरी वाचतील.”

आवे थंडावले, डोंगरावरचे जाळही विझले. वाऱ्याने हळूहळू आभाळ धुऊन काढलं. एका सकाळी अंगणात लख्ख सावल्या पडल्या आणि पोरं त्यांच्यावर नाचू लागली. मोठी माणसंही कौतुकाने आपापली सावली बघत उभी राहिली. कुंभाराची मडकी कडकडीत वाळली. ती त्याने सुक्या लाकडावर, ओला पाला न घालता भाजली.

व्याही आले. सवयीने मान वर केली, तर वर नुसतं निळं आभाळ.

“धूर दिसत नाही,” ते नाराजीने म्हणाले.

“दिसत नाही खरं,” कुंभार म्हणाला आणि त्याने एक मडकं बोटाने वाजवलं. खणखणीत आवाज आला.

व्याह्यांनी स्वतः एकेक मडकं वाजवून बघितलं. मग हळूच म्हणाले, “धूर आमच्याकडे भरपूर आहे हो. असं मडकं मात्र नाही.”

लग्न थाटात झालं. पुढे गावाने नवी रीत पाडली, सुकं लाकूड वापरायचं आणि आवे पाळीपाळीने लावायचे. पाऊस काही लगेच आला नाही, पण काही वर्षांनी तळं पुन्हा काठोकाठ भरलं आणि नातवंडं त्यात डुंबू लागली.

म्हणून सूर्याला नावं ठेवण्याआधी, त्याच्या आणि आपल्या मधे आपणच काय पसरून ठेवलंय ते बघावं.