थोरली मोटार आणि हसवणारी बाटली

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. इतक्या वर्षांपूर्वीची, की तेव्हा आमच्या डोंगरातल्या सात गावांना मिळून मोटार एकच होती. कुठली मोटार, कुणाची मोटार, असं कोणी विचारत नसे. 'मोटार आली' म्हटलं की पुरे.

तिला सगळे थोरली म्हणत. घरातल्या थोरल्या सुनेसारखं ती सगळ्यांचं करायची. बाजाराला न्यायचं, बाळंतिणीला दवाखान्यात पोचवायचं, सासुरवाशिणीला माहेरी आणायचं, सगळं तिनंच. आणि कधी चढावर जरा कुरकुरली तर बोलणीही तिनंच खायची. मैल मोजणारा तिचा काटा सगळे आकडे भरून दोनदा शून्यावर आला होता. तिसऱ्या खेपेला तो बिचारा मध्येच थांबला, तो थांबलाच.

तिचा मालकही तोच आणि ड्रायव्हरही तोच, दौलू. मोटार त्याच्या बापानं आणली होती. स्टिअरिंग मुलाच्या हाती देण्याआधी बापानं त्याला एक नेम शिकवला होता. देवीच्या घाटात अर्ध्यावर झऱ्याचं एक टाकं आहे. तिथं मोटार थांबवायची. बॉनेटवर तळहात टेकायचा आणि आकडे मोजायचे. चटका बसून हात उचलावा लागला, तर पुन्हा एकापासून सुरुवात. हात न उचलता शंभर झाले, की पुढून हँडल फिरवून इंजिन चालू करायचं आणि निघायचं.

कधी ते शंभर पटकन होत, कधी अर्धा तास जाई. पण घाई कुणाला होती? टाकं आलं, की न सांगता सगळे खाली उतरत. हौसाक्का नावाच्या एक म्हाताऱ्या आजी नेहमी असायच्या, त्या कनवटीच्या शेंगा काढून पोराटोरांना वाटत. त्या टाक्यावर सोयरिकी जुळल्या, बांधावरची भांडणं मिटली. माझं निम्मं बालपण तिथं शेंगा सोलण्यात गेलं आणि त्याहून चांगलं काही पुढं माझ्या वाट्याला आलं असं मला वाटत नाही. आता घाट वीस मिनिटांत संपतो आणि शेजारी कोण बसलं होतं ते उतरल्यावरही कळत नाही. असो.

घाटमाथ्यावर देवीचं देऊळ. जत्रेच्या दिवशी जी मोटार आधी वर पोचेल, तिच्या तोंडाला गुरव देवीच्या गळ्यातला हार बांधत असे. बावीस वर्षं तो मान थोरलीचा होता. दुसरी मोटारच नव्हती म्हटल्यावर त्यात नवल ते काय! पण हा विचार दौलूच्या मनात कधी आला नव्हता.

आणि मग डोंगरापलीकडच्या गावात एक लाल मोटार आली. नवी कोरी. ती टाक्यावर थांबत नसे. एके दिवशी दौलू बॉनेटवर हात ठेवून साठ-एकसष्ट करत असताना ती धूळ उडवत बाजूनं गेली. तिच्या ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून सांगितलं, की यंदाचा हार आमचा, तुमच्या थोरलीला आता नातवंडं सांभाळायला बसवा. खाली उतरलेले सगळे हसले. दौलूही हसला, पण मोजता मोजता त्याचा आकडा चुकला.

पुढच्या बाजारात त्याला एक शहरी व्यापारी भेटला. त्याच्याकडे निळी लोखंडी बाटली होती, बारीक नळ्या होत्या आणि एक लाल बटण होतं. बाटलीत कोंडलाय तो हसवणारा वायू, व्यापारी म्हणाला. डॉक्टर दात काढताना हुंगायला देतात, माणूस दुखणं विसरून हसायला लागतो, तोच. हा इंजिनात सोडला की पेट्रोल दुप्पट जोरानं पेटतं आणि मोटार वारा पिते. फक्त बटण दाबून दहा आकडे मोजायचे आणि सोडायचं.

दौलू बाटली घेऊन बाबालाल मिस्त्रीकडे गेला. बाबालालनं थोरलीचं इंजिन इतक्या वेळा खोललं होतं, की डोळे मिटून ते जोडता आलं असतं. त्यानं बाटली हातात घेतली, फिरवून पाहिली आणि परत दिली.

"मी नाय बसवणार," तो म्हणाला. "दौलू, ही बाटली ताकद देत नाय, मागती. थोरलीच्या रिंगा झिजल्यात, बेअरिंगं खिळखिळी झाल्यात. आतला जाळ दुप्पट केलास तर तो सोसायचा कुणी? दुखणं कळंनासं झालं म्हंजी दुखणं गेलं असं नसतं बाबा."

मग त्यानं समजुतीनं सांगितलं, की मोटार दोन महिने माझ्याकडे ठेव, रिंगा नि बेअरिंगं बदलून देतो, मग ती आहे त्या चालीनं अजून दहा वर्षं जाईल. लाल मोटारीला मात्र गाठायची नाही.

पण जत्रा तर पंधरा दिवसांवर आली होती. दौलूनं व्यापाऱ्याकडूनच बाटली बसवून घेतली आणि माळावरच्या सरळ रस्त्यावर एकटाच मोटार घेऊन गेला.

त्यानं बटण दाबलं. थोरलीनं अशी उसळी घेतली, की त्याची टोपी मागं उडून पडली. आणि तो आवाज! बापानं मोटार आणली त्या दिवशी सात वर्षांचा दौलू बापाच्या मांडीवर बसला होता आणि तेव्हा तिचा आवाज असाच होता, भरलेला, गोल, कुठंही न अडखळणारा. दहा मोजून त्यानं बटण सोडलं आणि मोटार थांबवून तो ढसाढसा रडला. मला विचाराल तर त्याला हार नको होता. त्याला तो दिवस परत हवा होता. पण हे त्याला त्या वेळी कळलं नाही, आणि मला कळायलाही म्हातारं व्हावं लागलं.

जत्रेच्या सकाळी दोन्ही मोटारी पायथ्याला उभ्या राहिल्या. गुरवाच्या माणसानं शिंग फुंकलं. लाल मोटार सुसाट पुढं गेली, थोरली मागून धापा टाकत निघाली. टाकं जवळ आलं तशी आतली माणसं सवयीनं उठू लागली. हौसाक्कांनी शेंगांची गाठ सोडली.

"दौलू, टाकं आलं रं," त्या म्हणाल्या.

"आज नाय थांबायचं, अक्का," दौलू म्हणाला आणि त्यानं बटण दाबलं.

टाकं मागं पडलं. थोरली गरजत निघाली. पहिल्या वळणावर लाल मोटार दिसली, दुसऱ्या वळणावर तिची पाठ जवळ आली. दौलूनं दहा मोजून बटण सोडलं, पुन्हा दाबलं. मग त्यानं मोजणंच सोडून दिलं. बॉनेटमधून वाफ येत होती, आणि पायाशी ठेवलेल्या बाटलीवर मात्र पांढरं हिम साठलं होतं. तिसऱ्या वळणावर थोरली लाल मोटारीच्या पुढं गेली. आत एकच जल्लोष झाला. देवळाचा कळस दिसू लागला. दौलूच्या कानात फक्त तो जुना आवाज होता.

आणि शेवटच्या चढावर आत काहीतरी कडाडलं. इंजिनातला लोखंडी दांडा कूस फोडून बाहेर आला, काळं तेल रस्ताभर सांडलं, आणि थोरली गचका खाऊन थांबली. देवीची कृपा, कुणाला खरचटलंही नाही. लाल मोटार बाजूनं निघून गेली. या वेळी तिच्या ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं नाही.

माणसं उतरली आणि उरलेला चढ पायी चालू लागली. हौसाक्का तेवढ्या मागं राहिल्या आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या. दौलूनं बॉनेटवर हात ठेवला. चटका बसला. त्यानं हात उचलला, पुन्हा ठेवला, पुन्हा एकापासून सुरुवात केली. वरून ढोल ऐकू येत होते. सावल्या लांबल्या. किती वेळा त्यानं एकापासून मोजलं कोण जाणे. शेवटी बॉनेट निवलं, हात जिथल्या तिथं राहिला आणि तो मोजत गेला.

"शंभर," हौसाक्का हळूच म्हणाल्या.

दौलूनं हँडल घातलं आणि अंगातलं सगळं बळ लावलं. हँडल तसूभरही हललं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबालाल आला. त्यानं वाकून पाहिलं, फुटलेल्या इंजिनावरून हात फिरवला आणि असलं इंजिन आता कुठंच घडवत नाहीत एवढंच सांगितलं. 'मी सांगत होतो' असं तो म्हणाला नाही, आणि दौलूला तेच फार लागलं. बैलांच्या चार जोड्या लावून थोरलीला टाक्यापर्यंत उतरवली आणि झाडाखाली उभी केली. ती तिथंच राहिली. पुढं तिच्या बाकांवर कोंबड्या अंडी घालू लागल्या.

काही महिन्यांनी लाल मोटारीच्या मालकानं दौलूला ड्रायव्हर म्हणून ठेवलं. पहिल्याच फेरीला त्यानं टाक्यावर मोटार थांबवली, खाली उतरला आणि बॉनेटवर हात ठेवला. त्या मोटारीला काही गरज नव्हती. माणसं कुरकुरली, उशीर होतोय म्हणाली. दौलू झाडाखाली बघत मोजत राहिला. मग हौसाक्का उतरल्या, त्यांनी कनवटीची गाठ सोडली, आणि एकेक करून सगळेच उतरले.

त्या वर्षीचा हार कुणाला मिळाला हे आज सात गावांत कुणाला आठवत नाही. थोरली मात्र सगळ्यांना आठवते.

तेव्हा लहानांनो, आणि लहानांना गोष्ट वाचून दाखवणाऱ्या मोठ्यांनो, एवढंच ध्यानात ठेवा: आयुष्यभर आपलं ओझं वाहिलेल्याकडं त्याचं गेलेलं तरुणपण मागू नये, त्याला वाटेत घटकाभर विसावा द्यावा.